सुलतानपूरच्या बाभळीतला चिमणा

गुरुग्राम जिल्ह्यातल्या सुलतानपूरला पक्षी बघायला येणारी बहुतेक मंडळी पाण्याकडे तोंड करून उभी असतात. समोर सारस नि चित्रबलाक असताना काठच्या बाभळीतल्या चिमण्यांकडे कोण बघणार? मला मात्र त्या चिमण्यांनीच पुन्हा पुन्हा तिथे नेलं, कारण त्यांच्यात सिंधी चिमणी असते. मूळची सिंधूच्या खोऱ्यातली ही चिमणी पाणी, उंच गवत आणि काटेरी झाडं एकत्र असतील तिथे राहते.

ती ओळखायची तर आधी घरचा चिमणा पाठ असावा लागतो. दिल्लीतल्या द्वारकेत माझ्या बाल्कनीत तो रोज येतो. डोक्यावर राखाडी पट्टा, डोळ्यामागून मानेपर्यंत तांबूस तपकिरी रंग, गळ्यापासून छातीवर पसरलेला काळा डाग. हे रंग डोळ्यांत मुरले की त्यातला फरक आपोआप खटकतो.

एप्रिलमधल्या एका सकाळी पाण्यावर झुकलेल्या फांदीवर एक नर चोचीत गवताची काडी धरून बसला. अंगाने लहान, चोच नाजूक, गळ्यावरचा काळा डाग अरुंद. डोळ्यामागून निघालेली तांबूस कोर गालाला वळसा घालून थांबलेली. मानेची मागची बाजू राखाडीच. म्हणजे हा सिंधी चिमणाच. मी त्याच्या डोळ्यावर फोकस धरला आणि शटर दाबलं. मागे काड्या-गवताचं गोल घरटं दिसत होतं, म्हणून एक पाऊलही पुढे टाकलं नाही.

प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड ब्लिथने 1845च्या सुमारास या पक्ष्याचं वर्णन केलं. त्यानंतर 1880 मध्ये स्क्रोप डॉइगला तो सिंधमध्ये सापडेपर्यंत तीसहून अधिक वर्षं त्याचा पत्ताच नव्हता. घरच्या चिमण्याशी इतकं साम्य असलेल्या त्या चिमण्याला समोर बघितल्यावर तो इतकी वर्षं नजरेतून सुटला हे सहज पटतं.

या भागात आणखीही चिमण्या भेटतात. हिवाळ्यात नजफगढकडच्या शेतांत स्पॅनिश चिमण्यांचे थवे उतरतात. त्यांच्या नराचं डोकं पूर्ण तांबूस, गाल पांढरे आणि कुशीवर काळ्या रेघा. उन्हाळ्यात गळ्यावर पिवळा ठिपका असलेली रानचिमणी दिसते. लहानपणी सलीम अलींनी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली आणि ओळख पटवायला मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्ड यांच्याकडे नेलेली चिमणी याच जातीची.

2012 पासून घरची चिमणी दिल्लीचा राज्यपक्षी आहे. तिच्यासाठी बाल्कनीत लाकडी खोपा टांगता येतो, वाटीत पाणी ठेवता येतं. सिंधी चिमणीचं त्यावर भागत नाही. तिला पाण्याकाठची बाभूळच हवी. जवळच्या बसईची पाणथळ रस्ते आणि बांधकामांनी आक्रसत गेली आहे. म्हणून प्रत्येक फोटोबरोबर मी तारीख, जागा, झाड आणि पाण्याची स्थिती नोंदवते आणि ती नोंद ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकते. उद्या कुणी या पाणथळींना पडीक जमीन म्हणालं, तर इथे कोण राहतं याचा पुरावा आपल्या हाती असायलाच हवा.