कुमारिका, घोडा आणि पोरगा

पहिल्या दिवशी 'यंत्राचं नाव' या रकान्यात मी अठ्ठावीस नावं भरली आणि अठ्ठावीसच्या अठ्ठावीस चुकली. एका संग्राहकाकडचे एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी पीठगिरण्यांच्या यंत्रांचे कॅटलॉग होते, त्यांची यादी करून द्यायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं होतं. प्रत्येक यंत्राची मापं, किंमत आणि शेजारी एक सुटा, अर्थहीन शब्द. मला वाटलं, हेच नाव. तो निघाला तारेचा संकेत! तारेला शब्दागणिक पैसे पडत. म्हणून अमुक यंत्र, तमुक माप, ही सगळी मागणी एकाच शब्दात.

खरी नावं त्याहून अवघड. दगडांवरची लाकडी चौकट म्हणजे 'हॉर्स', घोडा. घोड्यावर धान्याचं चाडं. चाड्याखाली उतरती पन्हळ, तिचं नाव 'शू', जोडा. आणि फिरता फिरता त्या जोड्याला टपल्या मारून दाणे दगडाच्या तोंडात पाडणारा दांडा म्हणजे 'डॅम्सेल', कुमारिका. अखंड बडबड करते म्हणून, म्हणे. (विनोद कुणी केला असेल ते सांगायला नकोच.) आमच्या जात्यात वैरण घालायला आजीची मूठ पुरे. 'हॉपर बॉय' तर पोरगाच नव्हे. ते गरम पीठ पसरून गार करणारं फिरतं दाताळं. संशोधक ऑलिव्हर इव्हान्सनं १७८०च्या दशकात, डेलावेअरमध्ये, आपल्या स्वयंचलित गिरणीत ते बसवलं. पोराचं काम गेलं, नाव यंत्राला चिकटलं.

दगड मात्र फ्रान्सचे, पॅरिसच्या पूर्वेकडच्या ला फेर्ते-सू-जुआरचे. अमेरिकेत काय दगडांचा दुष्काळ होता? पण तो दगड कणखर आणि सच्छिद्र. त्याचे तुकडे प्लास्टरनं सांधून भोवती लोखंडी कडं आवळत. चार फुटी दगड टनाच्या आसपास भरे.

मी खरी अडले ती कॅटलॉगमधल्या एका सूचनेशी: मागणी नोंदवताना दगड सूर्याच्या दिशेनं फिरणार की उलट, ते कळवा. म्हणजे प्रदक्षिणेसारखा की उलटा. काय फरक पडतो? फिरतोय ना? शिवाय वरच्या-खालच्या दोन्ही दगडांवर खाचांची नक्षी एकसारखीच कोरायची! शेवटी दोन कागद गोल कापले, दोन्हींवर सारख्याच तिरक्या खाचा काढल्या, एक दुसऱ्यावर पालथा घातला आणि खिडकीशी धरून फिरवला. रेषा कात्रीच्या पात्यांसारख्या एकमेकींना छेदत होत्या आणि छेद मध्यापासून काठाकडे सरकत होते. पीठ बाहेर! उलटा फिरवला, तर छेद आत पळू लागले. चुकीच्या नक्षीचा दगड गेला, तर गिरणीवाला काय करणार? टनभर दगड परत पाठवणार?

एवढं उमगलं तोवर १८८०नंतरचे कॅटलॉग हाती आले. त्यांत दगडांऐवजी धान्य दळणाऱ्या लोखंडी रुळांचा थाट. दगड मागच्या पानांवर. रुळांच्या प्रत्येक मापाला पुन्हा नवा तारेचा शब्द. तारेच्या शब्दांसाठी आता वेगळा रकाना केला आहे.