पाण्याचा वास

शिरूरमध्ये वैद्यकीय व्यवसाय करताना पावसाळा लागला की एक तक्रार मी दरवर्षी ऐकतो, ‘डॉक्टर, नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो.’ कित्येक वर्षे माझे उत्तर ठरलेले होते. पाणी रात्रभर उघड्या भांड्यात ठेवा, वास उडून जाईल. हाच सल्ला मी माझ्या आईलाही दिला होता.

आई माझ्या थोरल्या भावाकडे, दौंड तालुक्यातील भीमाकाठच्या गावी राहते. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ऐन श्रावणात तिला जुलाब सुरू झाले. वरणभाताचे पाणी, लिंबूसरबत असे घरगुती उपचार चालू राहिले आणि त्यासोबत रक्तदाबाची, लघवी वाढवणारी गोळीही नेमाने चालू राहिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने भावाला आमच्या वडिलांच्या नावाने हाक मारली, तेव्हा मला फोन आला. जीभ कोरडी ठणठणीत, सकाळपासून लघवी नाही. चार दिवस सलाईन लावावे लागले. ती वाचली, मूत्रपिंडे मात्र पूर्ववत झाली नाहीत.

चौकशीत कळले की महिनाभर ती मळ्यातल्या विहिरीचे पाणी पीत होती. ‘नळाला वास मारतो. तूच म्हणालास ना वास घालवावा म्हणून? विहिरीचं पाणी गोड लागतं.’ यावर मला बोलण्यासारखे काही उरले नाही.

ती विहीर नदीपासून हाकेच्या अंतरावर आहे. शिरूर तालुक्यातील रांजणगाव सांडस येथे मुळामुठा भीमेला मिळते आणि पुण्याचे वापरलेले पाणी घेऊन खाली दौंडकडे वाहत जाते. मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात घाण खाणारे जिवाणू पोसलेले असतात. त्यांना पुरेसा प्राणवायू मिळतो की नाही, हे पाण्यात बुडवलेले मापक सांगते. परंतु जे सांडपाणी केंद्रापर्यंत पोहोचतच नाही, त्याची नोंद तेथील कोणते यंत्र ठेवणार?

त्यानंतर एका पाणी शुद्धीकरण केंद्रात नोकरीला असलेल्या माझ्या रुग्णाने मला सुट्टीच्या दिवशी त्याचे काम दाखवले. पन्नाशी ओलांडलेला मी शाळकरी मुलासारखा त्याच्यामागे हिंडलो. नदीला लाल पाणी आले की गढूळपणाचे मापक झपाट्याने चढते. मग काचेच्या पाच-सहा पात्रांत तुरटीचे वेगवेगळे प्रमाण टाकून, ढवळून, कोणत्या पात्रातला गाळ लवकर आणि स्वच्छ बसतो ते पाहतात. तेच प्रमाण मोठ्या टाकीला लावतात. गाळ राहिला तर जंतू त्याच्या आड लपतात आणि क्लोरीनही त्या गाळावरच खर्ची पडते. वाळूच्या थरातून पाणी निघाले की क्लोरीन देतात आणि त्याला काम करायला निदान अर्धा तास अवधी देतात. उरलेले क्लोरीन मोजणारे स्वयंचलित यंत्रही तेथे होते. तरीही तो दर काही तासांनी हाताने नमुना तपासत होता. मी कारण विचारले. तो म्हणाला, ‘डॉक्टर, मीटरवर शेवाळ बसलं तरी आकडा येतोच की.’ रक्तदाबाचे यंत्रही जुने झाले म्हणून आकडा दाखवायचे थांबत नाही, हे मला तेव्हा आठवले.

शिवाय तो आकडा केंद्रातला असतो. तेथून तुमच्या तांब्यापर्यंत टाकी, जुनी वाहिनी, गटाराशेजारची गळती असा प्रवास असतो. भारतीय मानकानुसार ग्राहकाच्या नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरले पाहिजे. वाटेत घुसणाऱ्या जंतूंसाठी ठेवलेला तो पहारा असतो, आणि मी माझ्या रुग्णांना तोच घालवायला सांगत होतो! जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात जीबीएसची साथ आली, काही रुग्णांच्या शौच नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला आणि विहिरीच्या पाण्यातील क्लोरीनची चर्चा घरोघरी सुरू झाली, तेव्हा मला आईची विहीर आठवली.

तेव्हा वास आला म्हणून पाणी बदलू नका. फारच उग्र असेल तर कळवा, परंतु आरोचे पाणीही दोन-दोन दिवस साठवू नका. त्या यंत्रात क्लोरीन निघून जाते आणि भांड्यात शिरलेल्या हाताला अडवणारे काही उरत नाही. विहिरीचे, बोअरचे किंवा टँकरचे पाणी प्यावे लागलेच, तर चांगले खळखळून उकळा. आणि घरातल्या वृद्धांना जुलाब लागले तर पहिल्याच दिवशी क्षारसंजीवनी सुरू करून डॉक्टरांना फोन करा. लघवीच्या, रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्यांचे काय करायचे ते त्याच फोनवर विचारा. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर किती पाणी द्यायचे तेही विचारा. वृद्धांना तहान उशिरा लागते, त्यामुळे ‘पाणी नको म्हणतात’ यावर विसंबू नका. बोलण्यात गोंधळ दिसला तर रात्र उलटू देऊ नका.

नाकावर सगळी भिस्त ठेवता येत नाही, हेही खरे. वयाबरोबर वास कमी होतो. म्हणून पुतण्याने क्लोरीन तपासायचा छोटा संच आणला आहे. ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक वापरतात तसाच. नळाचे थोडे पाणी नळीत घेऊन तो थेंब टाकतो, रंग पाहतो आणि ते पाणी फेकून देतो. ‘पिवळं आलं, आजी,’ असे तो ओरडून सांगतो. आई आधी तांब्याला नाक लावून खात्री करून घेते, आणि मगच पिते.