जिवंत मुलाचा शोक

घरात कोणी वारले तर समाज धावून येतो. माणसे बसायला येतात, पुण्यानुमोदनाला वंदना होते, चार शब्द बोलले जातात आणि दुःखाचा भार थोडा हलका होतो. पण मूल जिवंत असून घरात नसेल तर? त्या दुःखाला ना दिवस, ना विधी. लोकांची नजर चुकवूनच ते सोसावे लागते.

आमचा मुलगा चोवीस वर्षांचा. दारूपायी त्याची नोकरी गेली, घरातली चीजवस्तू गेली आणि एके रात्री त्याने आईवर हात उचलला. दोनदा उपचारांना पाठविले, दोन्ही वेळा अर्ध्यावर निघून आला. धाकट्या मुलीचे बारावीचे वर्ष होते. तेव्हा आम्ही उभयतांनी विचार करून त्याला सांगितले, "बाळा, पिणे सुटेपर्यंत या घरात राहता येणार नाही." त्याला आता दीड वर्ष झाले. तो नालासोपाऱ्याला मित्रांबरोबर राहतो.

निर्णय योग्य होता, असे आजही वाटते. पण म्हणून काळीज तुटायचे राहत नाही. रात्रीची शेवटची लोकल बोरीवलीला आली की सौ. अजून जिन्याचा कानोसा घेते. कचेरीत दुसऱ्यांचे अर्ज तपासणारे आम्ही, पण स्वतःच्या अर्जावर 'कुटुंबातील व्यक्ती' लिहिताना हात थांबतो. मग चारच लिहितो. "लोकांना व्यसनमुक्ती शिकवतात आणि स्वतःचा पोरगा बघा," हेही कानावर आले.

अमेरिकेतील अभ्यासक पॉलीन बॉस यांनी 1970 च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला. माणूस गेला म्हणावे तर गेलेला नाही, आहे म्हणावे तर घरात नाही. अशा दुःखाला शेवट सापडत नाही, म्हणून ते माणसाला थकवते, असे त्या सांगतात. हे कळल्यावर आम्हाला धीर आला. आम्ही दुबळे नव्हतो, दुःखच तसे होते.

भगवंतांनी किसा गोतमीला मोहरीसाठी दारोदार पाठविले. तिचे मूल मृत होते, आमचे जिवंत आहे. पण दुसऱ्याच्या दारी गेल्यावर आपले दुःख एकट्याचे नाही हे उमगते, ही शिकवण आमच्याही कामी आली. सौ.ने विहारात महिला मंडळासमोर सारे सांगितले. त्याच संध्याकाळी दोन भगिनी घरी आल्या. एकीचा भाऊ, दुसरीचा मुलगा. कथा तीच.

व्यसन हा आजार आहे आणि त्याची झळ घरच्यांना लागते, हे जाणणाऱ्या संस्था आहेत. 1986 साली पुण्यात डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या 'मुक्तांगण'मध्ये कुटुंबीयांनाही समजावून सांगतात. 1951 साली अमेरिकेत सुरू झालेल्या 'अल-अॅनॉन'च्या सभा मुंबईतही होतात. तिथे मद्यपी माणसाचे आप्त एकमेकांशी मन मोकळे करतात. 2022 पासून सरकारची 'टेली-मानस' ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलते.

आम्ही मुलाच्या हाती पैसे देत नाही. रविवारी त्याचा फोन आला तर बोलतो. शुद्धीत असला तर जेवायला बोलावतो. उपचाराला तयार झाला तर सोबत जाऊ, हे त्याला सांगून ठेवले आहे. मधल्या काळात लेकीचा अभ्यास, सौ.ची झोप आणि मंडळाचे काम सांभाळणे हेही आमचेच कर्तव्य आहे.

ज्या बंधू-भगिनींच्या घरी असे दुःख दडलेले असेल, त्यांनी निदान एका विश्वासू माणसाजवळ तरी ते बोलावे. आणि शेजाऱ्यांनी, मयताच्या घरी जातो तसे, अशाही घरी जाऊन बसावे.