सौम्य गाठ

माझ्या गर्भाशयातली गाठ 'बिनाइन' निघाली, तेव्हा घरात सगळ्यांनी अल्लाहचे शुक्र मानले. मराठीत तिला सौम्य म्हणतात. भाषेची शिक्षिका म्हणून मला हा शब्द खटकतो. कॅन्सर नाही, एवढाच त्याचा अर्थ. दर महिन्याला अंगावरून इतके जाते की हिमोग्लोबिन ७ वर येते, फळ्यावर लिहिताना चक्कर येते, त्या बाईला यात सौम्य काय वाटणार?

ऑपरेशन एका सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात झाले. तिथे पेशंट हा धडाही असतो. प्राध्यापक बाईंच्या मागे एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाची सात-आठ मुलं-मुली वह्या घेऊन उभी. शेजारच्या कॉटवरच्या खाला पुटपुटल्या, "इत्ते लडकों के सामने?" मला बी.एड.चे सराव पाठ आठवले. आम्हीही परक्या मुलांवरच शिकवायला शिकलो. पण आमचा पाठ फसला तर वर्गशिक्षक तो दुसऱ्या दिवशी पुन्हा घेत. इथे पाठ बाईच्या अंगावर असतो.

तरी मी नको म्हटले नाही. उद्या तालुक्याच्या गावी आपल्या बहिणींना तपासणारे डॉक्टर इथेच घडणार. एका मुलीने पडदा ओढला, हात धुतले आणि विचारले, "मॅडम, पोट तपासू का? दुखलं तर सांगा, मी थांबेन." दोघांनी मात्र न विचारताच हात लावला. २०१९ पासून एमबीबीएसला 'ॲटकॉम' शिकवतात. वृत्ती, नीती आणि संवाद हा त्याचा विषय. त्याची खरी परीक्षा कॉटशेजारीच होते. आणि भूल दिल्यावर विद्यार्थी आतून तपासणार असतील, तर ते आधी विचारायला हवे. बेशुद्ध बाई हो म्हणू शकत नाही, नाहीही म्हणू शकत नाही.

प्राध्यापक बाईंनी मुलांना एक प्रश्न विचारला, "पिशवी काढण्याआधी काय काय करता येतं?" उत्तरे आली: गोळ्या, गर्भाशयात बसवायचे हार्मोनचे साधन, फक्त गाठ काढणे. माझी फक्त गाठ काढली. हा प्रश्न किती मोलाचा आहे, ते बीडला विचारा. २०१९ मध्ये सरकारी समितीने तिथल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. पिशवी कशी काढायची हे हाताला शिकवता येते. कधी काढायची नाही, हे शिकवायला वेळ आणि नियत दोन्ही लागतात.

उर्दूत इजाजत, मराठीत परवानगी. मी दोन्ही शिकवते. तुमची अम्मी, आपा, भाभी दवाखान्यात निघाली, तर तिला दोन प्रश्न पाठ करून द्या: "मला कोण तपासणार?" आणि "पिशवी काढण्याआधी दुसरा इलाज आहे का?" हे विचारण्यात बेअदबी नाही. चांगला डॉक्टर उत्तर देतो, आणि शेजारी उभा असलेला विद्यार्थी ते ऐकून शिकतो.