हवा वर जाते

पुढचे दोन्ही ब्रेक कॅलिपर मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःच बदलले. दुसऱ्या दिवशी आईला घेऊन ताम्हिणी घाट उतरून माणगावला जायचं होतं. राहिलं होतं फक्त ब्रेकमधली हवा काढणं, आणि त्याला दोन माणसं लागतात. आई ड्रायव्हरच्या सीटवर बसली, मी चाकापाशी.

"दाब. धरून ठेव." निपल सैल करायचा, ऑइल नळीतून बाटलीत येऊ द्यायचं, निपल आवळायचा. "सोड."

असं चाळीसेक वेळा झालं. मधे मधे वरच्या डबीत ऑइल भरलं. बाटलीत बुडबुडे येईनात, तरी पेडल मऊच.

"पाय अजून आत जातोय रे," आई म्हणाली.

"तू पूर्ण दाबतच नाहीयेस," मी खेकसलो.

ती काही बोलली नाही. गुडघ्यावरून हात फिरवला आणि पुन्हा दाबलं.

उठताना टॉर्चचा उजेड कॅलिपरवर पडला. निपल खालच्या बाजूला होता. तो वर हवा, कारण हवा ऑइलच्या वर चढते. मी डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला होता. बोल्ट मात्र बिनतक्रार बसले होते. खालून कितीही ऑइल काढलं तरी वरची हवा तिथेच राहणार होती.

अदलाबदल केली, तांब्याचे वॉशर नवे घातले. दहा-बारा वेळा दाबल्यावर पेडल घट्ट झालं.

"आई, चूक माझीच होती."

"हो का?" ती म्हणाली. "मला वाटलं, माझ्याच पायात जोर राहिला नाही."