राइट-ऑनचं वळण

राइट-ऑन, म्हणजे अक्षरं लिहिली जात असल्याचा भास देणारा ॲनिमेशनचा परिणाम, पडद्यावर येतो तेव्हा नाव आधीच लिहून झालेलं असतं. समजा नाव आहे ‘राधानगरी’. बोरूच्या तिरक्या कापाने कागदावर उतरलेली, स्कॅन होऊन संगणकात जागच्या जागी बसलेली पाच अक्षरं. राइट-ऑन त्यात टिंबाचीही भर घालत नाही. तो सगळं नाव झाकून ठेवतो आणि आखून दिलेल्या वाटेने उघडं करत जातो. बघणाऱ्याला वाटतं, कुणीतरी आत्ता लिहितंय.

त्याच्या घराण्यात ही रीत जुनी आहे. 1906 साली ब्लॅक्टन या अमेरिकी चित्रकाराने काळ्या फळ्यावर आपोआप उमटणारे खडूचे चेहरे दाखवले होते. पुढे शीर्षकं करणारे कारागीर अख्खं शीर्षक आधी रंगवत, मग एकेका चौकटीमागे थोडं थोडं पुसत आणि ते चित्रण उलटं चालवत. पुसलेलं नाव लिहिल्यासारखं दिसे. राइट-ऑनला पुसावं लागत नाही, पण शेवट आधी तयार ठेवून सुरुवातीकडून चालत यायचं हा स्वभाव त्याने उचलला आहे.

तो निरक्षर आहे, हे त्याच्याशी काम करणाऱ्याने पहिल्यांदा ध्यानात घ्यावं. स्कॅन केलेल्या काय किंवा फॉन्टमधल्या काय, अक्षराला फक्त कडा असतात. हात कुठून सुरू झाला, कुठे वळला, कुठे उचलला, यातलं काहीच त्या कडांत नोंदलेलं नसतं. म्हणून अक्षराच्या पोटातून जाणारी वाट माणसालाच काढावी लागते. त्या वाटेवर शून्य टक्क्याला एक की-फ्रेम (खुणेची चौकट), शंभर टक्क्यांना दुसरी, आणि ब्रशची जाडी अक्षराच्या सर्वांत जाड भागापेक्षा थोडी जास्त. एवढं दिलं की तो निघतो. बोरूचा जाड-बारीकपणा तो जसाच्या तसा राखतो, कारण तो मूळचंच अक्षर उघडं करत असतो. त्याच्या या गुणावर माझा फार जीव आहे.

पण वाट चुकीची दिली तर तो चुकीचंच लिहितो, तेही अगदी ठामपणे. डावीकडून उजवीकडे नुसता सरकवला की शिरोरेषा आणि अक्षरं एकदमच उगवतात, लिहिण्याचा भास तिथेच संपतो. आपल्या शाळेत शिकलेला हात आधी अक्षर काढतो, मग काना, आणि शब्द पुरा झाल्यावर वरून रेघ ओढतो. ‘राधानगरी’त तर ती रेघ सलगही जात नाही. ‘रा’वर ती थांबते, ‘ध’ची गाठ उघडी सोडते आणि ‘ध’च्या दंडापासून पुन्हा सुरू होते. ही फट बुजली की ‘ध’चा ‘घ’ व्हायला वेळ लागत नाही. शेवटच्या ‘री’ची वेलांटी रेघेच्याही वर, म्हणून ती सगळ्यांत शेवटी. ज्या गावाला कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आपल्या लेकीचं, राधाबाईंचं नाव दिलं, त्या गावाच्या नावाला एवढी निगा मिळायलाच हवी.

त्याची दुसरी खोड ‘ध’मध्येच उघडी पडते. वरचं पोट फिरून आत येतं तिथे खालचं पोट अगदी जवळ असतं. जाड ब्रश वरून जाताना खालच्या पोटाचा एक कपचा वेळेआधीच दाखवून टाकतो. उपाय एकच, अक्षराचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र मास्क, म्हणजे झाकण, द्यायचा. काम कंटाळवाणं आहे, पण हे टाळलेलं शीर्षक लगेच ओळखू येतं.

आणि चाल. सेकंदाला पंचवीस चौकटी धरल्या तर तीन सेकंदांच्या नावाला पंचाहत्तर मिळतात. त्या सारख्या वाटल्या की राइट-ऑन यंत्रासारखा चालतो. माणसाचा हात ‘न’च्या गाठीत रेंगाळतो, दंडावर झरकन खाली येतो, शिरोरेषा एका ओढीत नेतो. दोन फटकाऱ्यांमध्ये तो उचललेलाही असतो. त्या रिकाम्या दोन-तीन चौकटी बहुतेक जण द्यायला विसरतात. माझ्या मते लिखाण खरं वाटतं ते त्यांच्यामुळेच.

पावसाळ्यात राधानगरी धरणाचा लक्ष्मी तलाव भरला, पाण्याच्या दाबाने स्वयंचलित दरवाजे उघडले की भोगावतीत झेपावणाऱ्या पाण्याच्या चित्रफिती घरोघरी मोबाइलवर फिरतात. त्यांवरचं गावाचं नाव बहुधा तयार साच्यातून आलेलं असतं, आणि तो साचा रोमन अक्षरांच्या हिशेबाने बांधलेला. तिथे शिरोरेषेचा विचार कुणी केलेलाच नसतो. नाव स्वतः लिहून, वाट स्वतः काढून राइट-ऑनच्या हाती द्यायला एक संध्याकाळ पुरते. ब्लेंडरसारखी मोफत प्रणालीही चालते.

राइट-ऑनची खरी परीक्षा मात्र मोडी लिपीत आहे. राधानगरीचं धरण बांधायला घेतलं त्या काळी करवीर म्हणजे कोल्हापूर दरबारचे कागद मोडीत लिहिले जात. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात मोडी कागदांचे ढीग आहेत. मोडी लिहिणारा आधी कागदभर आडवी रेघ ओढून घेई आणि मग तिला अक्षरं टांगत जाई, शक्यतो बोरू न उचलता. शाहूकाळावरच्या माहितीपटाचं शीर्षक मोडीत करायचं तर बालबोधचा, म्हणजे देवनागरीचा, सगळा क्रम उलटा करून शिरोरेषा पहिली सोडावी लागेल. तिथे रिकाम्या चौकटी कमी लागतील. पण ओळ स्वतःलाच सारखी ओलांडत जाते, त्यामुळे मास्कचे तुकडे मात्र ‘ध’च्या कितीतरी पट करावे लागतील.