दिवा विझवून बिल कमी होत नाही

उन्हाळ्याचे विजेचे बिल आले की पत्र्याच्या घरात भांडण ठरलेले असते. आमच्या घरीही ते दरवर्षी व्हायचे. मात्र २०१८ च्या मे महिन्यात आमच्या हातून जे झाले, त्याची आजही आम्हाला लाज वाटते. ती वाचकांपुढे मांडली तर एखाद्या घरातले भांडण टळेल आणि चार पैसेही वाचतील, म्हणून हा लेखप्रपंच.

आम्ही उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत राहतो. दोन खोल्या, वर टिनाचा पत्रा. घरात आम्ही दोघे, म्हातारी माय, मोठी मुलगी आणि धाकटा मुलगा. आमच्यापैकी एकाचे काम छापखान्यात, दुसरीचे घरीच शिवणकाम. त्या महिन्यात २६८ युनिटचे बिल आले. रक्कम दोन हजारांच्या वर. पुढे शाळा उघडायच्या, वह्या-पुस्तके घ्यायची, किराणा भरायचा. बिल पाहून आमचे डोके फिरले आणि आम्ही त्याच संध्याकाळी हुकूम काढला, "रात्री दहा वाजले की घरातला एकही लाइट चालू दिसला नाही पाहिजे."

मुलगी बारावीत जाणार होती. दिवसा पत्र्याखाली बसवत नाही, म्हणून ती रात्री दहा ते बारा अभ्यास करायची. आमच्या हुकमावर ती एक शब्द बोलली नाही. पुस्तक घेऊन बाहेर गेली आणि दारावरच्या बल्बाखाली पायरीवर बसली. हा बल्ब शंभरचा. चोराचिलटाच्या भीतीने तो आम्ही रात्रभर चालू ठेवायचो आणि त्याचा खर्च कधी आमच्या मनातही आला नव्हता. चार-पाच रात्री ती डास मारत तिथे वाचत राहिली. शेवटी माय बोलली, "पोरगी बाहेर डासांत बसते अन् तुमाले आत झोप कशी येते रे बापा?" भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, आणि तिच्याखाली शिकणाऱ्या पोरीचा दिवा आम्हीच विझवत होतो. हे मायने सांगावे लागले.

दुसऱ्या दिवशी मुलीने एक कागद आमच्या हातात ठेवला. शाळेत शिकलेले साधे गणित होते. वस्तूवर लिहिलेले वॅट गुणिले चालू राहण्याचे तास, भागिले एक हजार, म्हणजे युनिट. महिन्याचे तीस दिवस धरून तिने घरातली एकेक वस्तू लिहिली होती :

कूलर, २०० वॅट, रोज १४ तास : ८४ युनिट
दोन जुने पंखे, प्रत्येकी ७५ वॅट, रोज १६ तास : ७२ युनिट
फ्रीज, अंदाजे : ४० युनिट
दारावरचा बल्ब, १०० वॅट, रोज १० तास : ३० युनिट
दोन जुन्या ट्यूब, चोकसकट प्रत्येकी ५० वॅट, रोज ६ तास : १८ युनिट
स्वयंपाकघरातला बल्ब, ६० वॅट, रोज ५ तास : ९ युनिट
टीव्ही, ६० वॅट, रोज ५ तास : ९ युनिट

बेरीज २६२. बिल २६८ चे. म्हणजे मीटर बरोबर होते, आमचाच हिशेब चुकत होता. कागदाच्या तळाशी तिने वेगळी ओळ लिहिली होती : माझी ट्यूब, रात्री दहा ते बारा, महिन्याला ३ युनिट. "बाबा, पंचवीस रुपये होतात," ती म्हणाली. पंचवीस रुपयांसाठी आम्ही पोरीला पायरीवर बसवले होते, आणि तीही तीस युनिट खाणाऱ्या बल्बाखाली!

त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा बिल नीट वाचले. बिलावर मागील रीडिंग आणि चालू रीडिंग असते, ती मीटरशी ताडून पाहावी. शिवाय युनिटचे टप्पे असतात. पहिल्या १०० युनिटला एक दर, १०१ ते ३०० युनिटला त्याच्या जवळजवळ दुप्पट. आमच्या वस्तीत अनेकांचा समज आहे की शंभरच्या वर एक युनिट गेले की सगळ्याच बिलाला वरचा दर लागतो. तसे नाही. वरचा दर फक्त शंभरच्या पुढच्या युनिटांना लागतो. पण याचा दुसरा अर्थ असा की, आपण वाचवतो ती युनिटे आधी वरच्या, महागड्या दराची असतात. त्या वर्षी कर धरून ती आम्हाला एका युनिटला आठ-नऊ रुपयांना पडत होती.

मग आधी दिवे बदलले, कारण त्याला सगळ्यात कमी पैसे लागतात. सरकारची उजाला योजना जानेवारी २०१५ मध्ये सुरू झाली होती. त्या योजनेत आम्हाला ९ वॅटचा एलईडी बल्ब ७० रुपयांना आणि २० वॅटची एलईडी ट्यूब २२० रुपयांना मिळाली. नऊ वॅटचा बल्ब साधारण साठच्या जुन्या बल्बाइतका उजेड देतो. जुन्या बल्बात तार तापून लाल होते, म्हणून विजेचा बहुतेक भाग उष्णतेत जातो. उन्हाळ्यात आधीच तापलेल्या खोलीत आम्ही विकत घेऊन आणखी उष्णता सोडत होतो!

दोन बल्ब आणि दोन ट्यूब मिळून ५८० रुपये लागले. दारावरचा बल्ब ३० युनिटवरून तीनच्या आत आला, स्वयंपाकघरातला नवावरून दीडच्या आत, दोन ट्यूब अठरावरून सातवर. महिन्याला ४५ युनिट वाचले, म्हणजे चारशेच्या जवळपास रुपये. दीड महिन्यात खर्च निघाला. मुलगी पुन्हा आत बसली, आणि बाराऐवजी एक वाजेपर्यंत बसली तरी कोणी काही बोलले नाही.

येथे एक ठेच सांगितली पाहिजे. मोरीसाठी आम्ही बाजारातून तीस रुपयांचा बिननावाचा एलईडी आणला. दोन महिन्यांत गेला. म्हणून वॅट, बनवणाऱ्याचे नाव आणि हमी छापलेला बल्बच घ्यावा, आणि पावती जपून ठेवावी.

दिव्यांचा प्रश्न सुटला, पण कागदावरचे सगळ्यात मोठे आकडे कूलर आणि पंख्यांचे होते. ते एवढे का चालतात? कारण डोक्यावर पत्रा. दुपारी पत्र्याला हात लावता येत नाही. तापलेल्या तव्याला न शिवताही जशी धग लागते, तशी पत्र्याची धग खाली माणसाला लागते. पंखा तीच गरम हवा फिरवतो. माय तर दुपारभर शेजारच्या कडुनिंबाखाली बाज टाकून पडायची.

मे संपता संपता आम्ही पत्र्यावर चुना मारला. पांढरा रंग ऊन परतवतो, काळपट गंजका पत्रा ते पिऊन घेतो. दोन आठवडे फरक जाणवला. जूनमध्ये पाऊस आला आणि अर्धा चुना नालीत वाहून गेला. गुळगुळीत टिनावर चुना धरत नाही, हे आम्ही असे शिकलो.

पुढच्या फेब्रुवारीत, म्हणजे २०१९ मध्ये, काम नीट केले. पत्रा खरवडून गंज काढला, रेडऑक्साइडचा हात दिला आणि त्यावर ऊन परतवणारा पांढरा रंग दोनदा लावला. पत्र्याच्या खालून चांदीसारखी चकाकणारी बबल शीट लावली आणि तिच्याखाली वीतभर जागा सोडून बांबूचे तट्टे बांधले. शीटची चकाकती बाजू खाली, मोकळ्या जागेकडे ठेवली. चकाकता पृष्ठभाग धग फार कमी सोडतो, आणि खालच्या बाजूवर धूळही बसत नाही. मोकळ्या जागेची दोन्ही टोके बंद केली नाहीत. उंदीर शिरू नये म्हणून जाळी लावली, पण हवा जाऊ दिली, म्हणजे कोंडलेली गरम हवा बाहेर पडते.

सगळ्याला साडेसहा हजार लागले. महिला बचत गटातून कर्ज काढले आणि हप्ता दिव्यांतून वाचलेल्या पैशांतून फेडला. म्हणून आम्ही सांगतो, आधी दिवे, मग छप्पर. दिवे छपराचे पैसे देतात.

या कामात जिवाला धोका असतो, तो हसण्यावारी नेऊ नये. पत्र्यावर चढताना फळी टाकून, खालच्या आडव्या पाइपाच्या रेषेवरच पाय ठेवावा. सिमेंटचा पत्रा वरून भक्कम दिसतो आणि माणसाच्या वजनाने एकदम फुटतो. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात अॅस्बेस्टॉस असते, तो खरवडू नये, त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे. स्वस्त पडते म्हणून पुष्कळ जण आतून थर्माकोल लावतात. तो झपाट्याने पेट घेतो आणि वस्तीत वायरिंग बहुतेक छपरालगतच असते. आम्ही तट्टे लावण्याआधी वायरमन बोलावून तारा पाइपातून घेतल्या.

२०१९ च्या मे महिन्यात कूलर चौदा तासांऐवजी आठ तासांवर आला. बिल १९० युनिटचे. म्हणजे छपरामुळे ३०-३५ युनिटचा फरक, आणि तोही उन्हाळ्याचे चार महिने. नुसत्या पैशाचा हिशेब केला तर छपराचा खर्च निघायला पाच-सहा वर्षे लागतात, हे आम्ही लपवत नाही. पण त्या उन्हाळ्यात माय दुपारी आपल्या घरात, आपल्या बाजेवर झोपली. त्याचे युनिट कोण मोजणार?

मुलगी त्याच उन्हाळ्यात बारावी पास झाली. त्याचे श्रेय आम्हाला नाही आणि बल्बालाही नाही, ते तिचेच आहे. आम्ही तिच्या वाटेतून बाजूला झालो, एवढेच.

पुढे एक जुना पंखा जळाला तेव्हा तो पुन्हा भरून न घेता तीस वॅटचा नवा पंखा घेतला. तो महाग आहे, म्हणून दुसरा अजून जुनाच फिरतो आहे. सगळे एकदम होत नाही. घर भाड्याचे असेल तर छपराला हात लावता येणार नाही, पण बल्ब आपलेच असतात. घर बदलताना काढून नेता येतात.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते, तेव्हा विजेचा विषयही त्यांच्याकडे होता. देशाला मुबलक आणि स्वस्त वीज हवी, तिच्यावर उद्योग उभे राहावेत आणि गरिबी हटावी, ही त्यांची भूमिका होती. वीज अंधारात बसण्यासाठी नाही. ती वाया जाते कुठे, हे शोधायचे असते.

तेव्हा बंधू-भगिनींनो, पुढचे बिल आले की आवाज चढवण्याआधी कागद-पेन्सिल घ्या. घरातल्या प्रत्येक वस्तूचे वॅट आणि तास लिहा. शिकणारे पोर असेल तर त्यालाच लिहायला सांगा. मोठा आकडा असेल तिथे हात घाला. पोराच्या अभ्यासाचा दिवा त्या यादीत सगळ्यात खाली निघेल, आणि त्याला हात लावण्याची वेळच येणार नाही.

जयभीम.